यार्देनचे पाणी आणि गोळ्यांचे पान



आज सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार. पहिल्या वाचनात सिरियाचा सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून शुद्ध होतो आणि शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी रस्त्याने चालता चालता बरे होतात. दोन्ही गोष्टी आपण कॅटेकिझमच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. इतक्या वेळा ऐकल्या आहेत, की त्या आपल्याला टोचेनाशा झाल्या आहेत. पण अँटॉप हिलच्या माणसाला ह्या गोष्टी दूरच्या वाटण्याचे कारण नाही. आपल्या शेजारी वडाळ्याला कुष्ठरोग्यांचे रुग्णालय १८९० सालापासून उभे आहे. आपण त्याला ‘अ‍ॅकवर्थ’ म्हणून ओळखतो. आपल्यापैकी कितीजण त्याच्या फाटकातून आत गेले आहेत?

त्या रुग्णालयाची हकीकत थोडी सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर निराधार कुष्ठरोगी भीक मागत फिरत आणि लोक त्यांच्या नावाने ओरड करीत. तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने शहराच्या त्या वेळच्या टोकाला, माटुंग्याला, त्यांच्यासाठी आश्रयस्थान बांधले गेले. (हेच ते अ‍ॅकवर्थसाहेब, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. एका माणसाच्या हातून किती निरनिराळी कामे होतात पाहा.) त्याच्या आदल्याच वर्षी, १५ एप्रिल १८८९ रोजी, मोलोकाई बेटावर फादर डेमियन कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने देवाघरी गेले होते. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. त्या काळी ह्या रोगावर खरा इलाज नव्हता. आश्रय, अन्न, मलमपट्टी आणि प्रार्थना एवढेच देता येत असे.

आज इलाज आहे. आपण बोलणार आहोत तो विषय देवाच्या कृपेचा आणि आपल्या आज्ञापालनाचा आहे. तो ह्या इलाजाच्या आधारे जितका नीट कळतो, तितका आम्हाला जाड पुस्तकांतून कळला नाही. म्हणून आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांच्या परवानगीने सांगतो. नाव सांगत नाही आणि कुणी ओळखायचा प्रयत्नही करू नये.

आजाऱ्यांच्या भेटीला जाणारी आम्ही काही माणसे आहोत. आमच्या परिचयाचे हे गृहस्थ. एके वर्षी त्यांच्या डाव्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. खाजत नव्हता, दुखत नव्हता. एकदा इस्त्री करताना तिथे चटका बसला आणि त्यांना तो कळलाच नाही. तेव्हा त्यांच्या मनात शंका आली. ती शंका त्यांनी दोन वर्षे पूर्ण बाहीच्या शर्टाखाली लपवून ठेवली. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. ते दर बुधवारी माहीमला नोव्हेनाला जात. १९४८ सालापासून चालत आलेल्या त्या नोव्हेनात आपल्यापैकी कुणी मेणबत्ती लावली नाही, असे घर अँटॉप हिलमध्ये सापडणे कठीण. ते पत्र लिहून टाकत, तेल आणून चट्ट्यावर लावत आणि घरी येत. डॉक्टरकडे मात्र गेले नाहीत. “माउलीवर सोपवले आहे,” असे ते स्वतःला सांगत.

दोन वर्षांत चट्ट्यांचे पाच-सहा झाले आणि करंगळी वाकू लागली.

ह्या माणसाचा विश्वास खोटा होता काय? आम्हाला तसे म्हणवत नाही. त्यांची भक्ती आपल्यापेक्षा उणी नव्हती. पण त्यांच्या भक्तीत एक गोष्ट लपलेली होती आणि ती त्यांनीच पुढे आम्हाला बोलून दाखवली. ते देवाकडे बरे होणे मागत होते, पण आपल्या मनाजोगत्या वाटेने. कुणाला न कळता, रांगेत न उभे राहता, कार्डावर रोगाचे नाव न लिहिता.

नेमके हेच नामानाचे दुखणे होते. सेनापती मोठा माणूस. त्याच्या बायकोच्या सेवेत असलेली एक पकडून आणलेली इस्राएली मुलगी सांगते, की शोमरोनात एक संदेष्टा आहे. नामान निघतो तो दहा किक्कार चांदी, सहा हजार सोन्याची नाणी आणि दहा पोशाख घेऊन. म्हणजे बरे होण्याची किंमत मोजायची त्याची तयारी आहे. अलीशाच्या दारात रथ थांबतो. अलीशा बाहेरसुद्धा येत नाही. नोकराकरवी निरोप पाठवतो, की यार्देनेवर जा आणि सात वेळा आंघोळ कर. नामान संतापतो. त्याला वाटले होते, संदेष्टा बाहेर येईल, हात हलवील, काहीतरी मोठे घडेल. आणि आंघोळच करायची, तर दमास्कसच्या आबाना आणि पर्पर ह्या नद्या काय वाईट आहेत? तो माघारी फिरतो. इथे ही गोष्ट संपली असती. पण त्याचे नोकर त्याला समजावतात, की संदेष्ट्याने काही अवघड करायला सांगितले असते, तर आपण ते केले नसते का?

हा प्रश्न आपल्या दारावर खिळ्याने ठोकून ठेवावा असा आहे. वेलांकणीला पायी जायला सांगा, आपण जाऊ. चाळीस दिवस मांसाहार सोडू. पण रोज सकाळी एक गोळी घे, भावाशी अबोला सोड, घेतलेले पैसे परत कर, हे साधे सांगणे आले की आपल्याला आबाना आणि पर्पर आठवतात.

यार्देनच्या पाण्यात औषधी गुण नव्हता. गढूळ नदी ती. असता, तर नदीकाठच्या प्रत्येक कोळ्याला रोगमुक्ती मिळाली असती. नामान बरा झाला तो देवाच्या शब्दाने. पण तो शब्द त्याला रथातून उतरल्याशिवाय, कपडे काढून आपले चट्टे आपल्याच नोकरांसमोर उघडे केल्याशिवाय आणि सात वेळा पाण्याखाली गेल्याशिवाय मिळाला नाही. सहाव्या बुडीनंतर त्याच्या अंगावर काय दिसत होते, हे बायबल सांगत नाही. आमची समजूत अशी, की तेव्हाही तो तसाच होता.

आणि बरे झाल्यावर तो भेटी पुढे करतो, तेव्हा अलीशा काही घेत नाही. म्हणजे सात बुड्या ही किंमत नव्हती. देवाला देण्यासारखे नामानाच्या खेचरांवर काही नव्हते. पुढे अलीशाचा नोकर गेहजी लोभाने त्या भेटींतल्या काही वस्तू मागून घेतो आणि नामानाचे कुष्ठ त्याला जडते. फुकट दिलेल्या गोष्टीचे बिल फाडणाऱ्यांना, मग ते कुठल्याही वेदीजवळ उभे असोत, ही गोष्ट कडवट लागायलाच हवी.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. एका बुधवारी माहीमहून परतताना त्यांनी ठरवले आणि दुसऱ्या दिवशी ते त्वचेच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी चट्ट्यावर पिसासारख्या कशाने तरी स्पर्श केला, कोपराजवळची नस चाचपली आणि निदान सांगितले. मग हातात गोळ्यांचे एक पान दिले. चार आठवड्यांचे पान, त्यांना बारा महिने घ्यायचे होते. चट्टे पाचपर्यंत असले, तर सहसा सहा महिने पुरतात. किंमत विचारली, तर काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ही औषधे १९९५ पासून जगभर मोफत दिली जातात.

हे पान आम्ही हातात घेऊन पाहिले आहे. त्यामागे मोठा इतिहास आहे. १९४० च्या दशकात डॅपसोन हे औषध आले आणि पहिल्यांदा आशा निर्माण झाली. पण एकटे डॅपसोन वर्षानुवर्षे घेता घेता जंतू त्याला सरावले. तेव्हा १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सांगितले, की रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅपसोन अशी औषधे एकत्र द्या. आपल्या शेजारच्या सायन-चुनाभट्टीला १९७६ पासून बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने आणि अशा अनेक संस्थांनी ही औषधे वस्त्यावस्त्यांत नेली. आता ह्या सगळ्यात त्या रोग्याचे कर्तृत्व काय? काहीही नाही. रिफाम्पिसिन त्याने शोधले नाही. विकत घेतले नाही. त्याला ते मिळावे असे पुण्य त्याने केले नाही. ते त्याच्या हातात आले ते निव्वळ देणगी म्हणून.

परंतु ते गिळायचे त्यालाच. त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला ते गिळता येत नाही, आईलाही नाही.

औषध सुरू केल्यावर थोड्याच काळात त्या माणसापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचा धोका जवळजवळ नाहीसा होतो. सगळ्यात मोठे काम सुरुवातीलाच होऊन जाते. तरीही पान पुरे करायचे असते, कारण उरलेसुरले जंतू चिवट असतात. आणि नेमक्या ह्याच टप्प्यावर लोक औषध सोडतात. बरे वाटू लागलेले असते. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते आणि शेजारीपाजारी विचारू लागतात. रिफाम्पिसिनने लघवी लाल होते आणि माणूस घाबरतो. आपले गृहस्थ पाचव्या महिन्यात थांबलेच होते. त्यांच्या पत्नीने पान पुढ्यात ठेवले आणि नामानाच्या नोकरांनी केले तेच काम केले.

आपण कन्फेशनला जातो, पापक्षमा मिळते, बाहेर येताना अंग हलके वाटते. क्षमा पूर्ण असते, त्यात काही बाकी राहत नाही. पण आठव्या दिवशी आपण सांगितलेले प्रायश्चित्त विसरतो, पंधराव्या दिवशी जुन्या मित्रांच्या टेबलावर बसतो आणि महिन्याभराने म्हणतो, की संस्काराचा काही उपयोग होत नाही. पान अर्धवट टाकले आणि दोष औषधाला दिला.

इथे कुणी विचारील, मग तारण कृपेने की कृतीने? हा वाद जुना आहे आणि त्यापायी ख्रिस्ताचे शरीर दुभंगले. ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक शिकवण मांडली, की आरंभ देवाच्या कृपेचा असतो, आपल्या कसल्याही पुण्याईशिवाय. मात्र माणूस त्या कृपेला मोकळेपणाने होकार देतो आणि तिच्याबरोबर चालतो. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एकत्र येऊन संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपला स्वीकार होतो तो केवळ कृपेने, आपल्या गुणांमुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कृत्यांसाठी उभी करते, हे दोघांनी मिळून मान्य केले. साडेचारशे वर्षे लागली. घरातली भांडणे मिटायला वेळ लागतो, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

संत पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ह्याविषयी दोन वाक्ये लागोपाठ येतात. पहिल्यात तो त्यांना सांगतो, की आपल्या तारणाचे काम भीत आणि कापत पूर्णत्वाला न्या. दुसऱ्यात म्हणतो, की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो. ही दोन वाक्ये त्याने ‘पण’ ह्या शब्दाने जोडलेली नाहीत, ‘कारण’ ह्या शब्दाने जोडली आहेत. आपण आयुष्यभर तिथे ‘पण’ वाचतो. देव करतो, पण आपणही केले पाहिजे, असे आपण म्हणतो आणि जणू निम्मे त्याच्याकडे, निम्मे आपल्याकडे असा वाटा पाडतो. पौल तसे म्हणत नाही. देव करतो आहे, म्हणूनच तुम्हाला करता येते, असे त्याचे म्हणणे आहे. ह्या ठिकाणी गोळ्यांची आमची उपमाही लंगडी पडते. औषध गिळायला लागणारा हात रोग्याचा स्वतःचा असतो. कृपेच्या बाबतीत तो हात उचलण्याचे बळही देणाऱ्याचेच असते.

आता शुभवर्तमानातले दहाजण. ते लांब उभे राहून हाक मारतात, कारण जवळ यायला नियमशास्त्राची बंदी होती. (बायबलमधले ‘कुष्ठ’ म्हणजे आजचा कुष्ठरोगच असे नव्हे. लेवीयाच्या पुस्तकात ते कापडाला आणि घराच्या भिंतीलाही लागते. त्या हिशेबाने पावसाळ्यात आपल्या बऱ्याच इमारती याजकाला दाखवाव्या लागतील.) प्रभू येशू त्यांना स्पर्श करीत नाही, बरे झालात असे म्हणत नाही. फक्त सांगतो, की जाऊन याजकांना दाखवा. याजकाला दाखवायचे ते बरे झाल्यावर, प्रमाणपत्र घ्यायला. हे तर अंगावरच्या चट्ट्यांसकट निघाले. ती पहिली काही पावले ह्या दहाजणांनी कशाच्या बळावर टाकली असतील? हातात केवळ एक शब्द होता. चालता चालता ते शुद्ध झाले. बसून राहिले असते, तर झाले नसते आणि नुसते चालल्यानेही झाले नसते.

परंतु आम्हाला ह्या गोष्टीत खरी धास्ती वाटते ती त्या नऊजणांची. त्यांनी कोणती आज्ञा मोडली? एकही नाही. याजकाकडे जा म्हटले, ते गेले. उलट दहावा सांगितलेल्या वाटेवरून परत फिरला. तो शमरोनी. आणि तरी प्रभू विचारतो, की बाकीचे नऊ कुठे आहेत?

ते नऊ आपण आहोत. रविवारचा मिस्सा चुकवत नाही, नऊ पहिले शुक्रवार पाळतो, सणाच्या वर्गणीची पावती जपून ठेवतो. हे सगळे करायलाच हवे, त्याला आम्ही नावे ठेवीत नाही. पण हे करता करता मनात एक हिशेबाची वही तयार होते. देवाकडे आपले काही जमा आहे, असे वाटू लागते आणि मुलाला ॲडमिशन मिळाली नाही, की आपण ती वही उघडून देवासमोर धरतो. सगळे अगदी वेळेवर पाळूनही आपण ज्याच्याकडून मिळाले त्याच्याकडे कधी वळलेलोच नसतो. एका टोकाला ‘देव बघून घेईल’ म्हणून गोळी न घेणारा आणि दुसऱ्या टोकाला ‘मी गोळी घेतली म्हणून मी बरा झालो’ असे सांगत फिरणारा. दोघांचीही तोंडे देणाऱ्याकडे नसतात.

ह्यात आमचेही एक पाप आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्या गृहस्थांच्या औषधाचा तिसरा महिना चालू होता. आम्ही त्यांच्या घरी गेलो. संसर्गाचा धोका उरलेला नाही, हे आम्हाला ठाऊक होते. डॉक्टरांनी ते समजावून सांगितले होते. वहिनींनी चहा आणला. आमच्यातल्या एकाने कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच खाली ठेवला. उपवास आहे म्हणाला. तो उपवासाचा दिवस नव्हता. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बशी उचलून कपावर ठेवली.

देशाचा कायदासुद्धा असाच मागे रेंगाळला. रोग बरा करणारी औषधे १९८१ पासून आहेत, पण कुष्ठरोग्यांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरण्याची तरतूद निघायला २०१९ साल उजाडले. कृपा पोहोचली होती. आज्ञापालन आपल्याकडून व्हायचे राहिले होते. रोग्याने बारा महिने गोळी घ्यायची आणि धर्मग्रामाने एक कप चहा प्यायचा. ह्यातले अवघड कोणते?

ह्या गोष्टीत जे निसटले तेही सांगितले पाहिजे. त्यांचे औषध पूर्ण झाले, रोग गेला. करंगळी मात्र सरळ झाली नाही, त्या बोटाची नस आधीच गेली होती. दोन वर्षे उशीर झाला त्याची ती खूण राहिली. अजून ते रोज संध्याकाळी वीसेक मिनिटे हात साध्या पाण्यात बुडवून ठेवतात, तेल लावतात आणि कुठे भाजले-कापले नाही ना हे डोळ्यांनी तपासतात, कारण तिथे दुखणे कळत नाही. त्यांनी आम्हाला एकदा विचारले, की मग ते दोन वर्षांचे बुधवार फुकट गेले का? आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात तेच म्हणाले, “ओपीडीत जायचं धाडस मला माहीमच्या बसमध्येच झालं. तेवढ्यासाठी तिने मला दोन वर्षं बोलावलं असेल. नाहीतर पहिल्याच बुधवारी तिने ते सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.”

आजच्या दुसऱ्या वाचनात पौल बेड्यांत असूनही तिमथ्याला कळवतो, की आपण डळमळलो तरी देव डळमळत नाही. त्याच श्वासात तो ख्रिस्ताला नाकारणाऱ्याला इशाराही देतो. दोन्ही वाक्ये सोबत वाचावीत.

कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्यांनी महापालिकेच्या दवाखान्यात दाखवावे. तपासणी आणि औषध मोफत आहे. सोबत कुणी हवे असल्यास सकाळच्या मिस्सानंतर आम्हाला सांगा, आम्ही येऊ. आणि त्यानंतर घरी चहाही घेऊ.

ह्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर आठवड्याचे मिस्साहेतू छापले आहेत. येत्या रविवारच्या पहिल्या मिस्सासमोर ‘उपकारस्मरण’ एवढेच लिहिलेले दिसेल, नाव नाही. ते त्यांनी दिले आहे. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी ते नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, डावा हात खिशात ठेवून उभे असतील.